वाट अडवणारा आपला असला, तर?

2 मार्च 2025, रविवार. आपल्याकडचा पहिला रोजा. त्याच दिवशी इस्रायलनं गाझात जाणारं अन्न, औषधं, इंधन सगळं बंद केलं. इफ्तार होईपर्यंत बातमी प्रत्येकाच्या मोबाइलवर आली होती. तरावीह झाल्यावर आम्ही आष्ट्यातले सात-आठ जण मशिदीच्या दारात चादर धरून उभे राहिलो. लोकांनी हात आखडता घेतला नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन घरोघर फिरलो.

एका घरी खाला गोठ्यातलं काम टाकून, हात धुऊन बाहेर आल्या. पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढली आणि विचारलं, "बेटा, ये पैसे सुदान को बी जाते क्या?"

मी म्हणालो, "नहीं खाला. वो आपस का मामला है. गाझा का अलग है."

खालांनी मान हलवली, नोट डब्यात टाकली. आम्ही पुढच्या घरी गेलो.

ते उत्तर मी दिलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. त्या वेळी ते चुकीचं आहे असं वाटलंही नाही, कारण आपल्यात सगळे हेच बोलतात. आज मला वाटतं की त्या वाक्यात आपल्या पिढीचा मोठा खोटेपणा लपलेला आहे. तो आपण आपल्यात बोलला पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

उपचार सापडलेला आहे

आधी एक गैरसमज काढून टाकू. युद्धात मुलं उपाशी मरतात तेव्हा आपल्याला वाटतं की अन्न कमी पडलं, पैसा कमी पडला, डॉक्टर कमी पडले. तसं असतं तर आपला डबा हेच उत्तर ठरलं असतं.

कुपोषित मूल ओळखायला आज एक फीत पुरते. अंगणवाडीताईंकडे ती असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर लाल: मूल तीव्र कुपोषित आहे, त्याच्या जिवाला धोका आहे. 11.5 ते 12.5 पिवळा, त्यापुढे हिरवा. न शिकलेली आईसुद्धा ही फीत वापरू शकते आणि अनेक देशांत वापरते.

पूर्वी अशा मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवून खास दूध पाजावं लागे. ते दूध कालवायला स्वच्छ पाणी लागतं आणि कालवलेलं फार वेळ टिकत नाही. 1996 मध्ये आंद्रे ब्रियां हे फ्रेंच बालआहारतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान हे उद्योजक यांनी त्यावर तोड काढली. शेंगदाण्याचा बारीक वाटलेला लगदा, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि खनिजं. 92 ग्रॅमच्या पुडीत सुमारे 500 कॅलरी. पाणी नको, चूल नको, फ्रिज नको. मूल पुडी फाडून चोखतं. दिवसाला दोन-तीन पुड्या, सहा ते आठ आठवडे, आणि तेही घरीच, आईजवळ. 2005 मध्ये नायजर देशात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेनं 60 हजारांहून अधिक मुलांवर असे उपचार केले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ही पद्धत अधिकृतपणे मान्य केली. ज्या मुलाची भूक मेली आहे, अंगावर सूज आहे, न्यूमोनिया आहे, त्यालाच दवाखान्याची गरज पडते. बाकीची बहुतेक मुलं घरात बरी होतात. एका मुलाला साधारण 150 पुड्यांची एक पेटी लागते. किंमत चार-पाच हजार रुपयांच्या घरात.

ही पुडी सगळीकडचं उत्तर आहे, असं मी म्हणत नाही. जिथे बाजार चालू आहे, चूल पेटते आहे, तिथे मुलाला पाकिटावर जगवण्यापेक्षा घरचं ताजं अन्न, अंडी, डाळ, दूध द्यावं, असं आपल्याकडचे अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण वेढ्यातल्या गावात गॅस नसतो, पाणी नसतं, बाजार नसतो. तिथे ही पुडी म्हणजे जीव असतो.

म्हणजे रोग माहीत आहे, औषध माहीत आहे आणि औषध स्वस्तही आहे. मग मूल का मरतं? कारण पुडी आणि मूल यांच्यामध्ये कुणीतरी बंदूक घेऊन उभा असतो. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. आपला राग त्या बंदूकवाल्यावर असला पाहिजे, आणि बंदूकवाल्याचं नाव, भाषा, दाढी बघून तो कमी-जास्त होता कामा नये.

गाझा: रस्ता बंद, रस्ता सुरू

गाझाबद्दल आपल्याला सांगायची गरज नाही, असं आपल्याला वाटतं. तरी क्रम नीट लक्षात ठेवू. 9 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलचे संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांनी संपूर्ण वेढ्याची घोषणा केली. वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. 1 एप्रिल 2024 ला 'वर्ल्ड सेंट्रल किचन' या अन्न पुरवणाऱ्या संस्थेचे सात कार्यकर्ते हवाई हल्ल्यात मारले गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं नेतन्याहू आणि गॅलंट यांच्यावर अटक वॉरंट काढलं. त्यातल्या आरोपांमध्ये उपासमारीचा युद्धाचं हत्यार म्हणून वापर केल्याचा आरोप आहे. 2 मार्च 2025 पासून सुमारे 11 आठवडे काहीच आत गेलं नाही. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांची सुमारे 400 वाटपकेंद्रं बाजूला सारून चार केंद्रांवरून वाटप सुरू केलं गेलं आणि धान्य घ्यायला गेलेली माणसं गोळ्यांना बळी पडली. 22 ऑगस्ट 2025 ला, जगभरच्या उपासमारीची मोजदाद करणाऱ्या आयपीसी या यंत्रणेनं गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला.

आता पुढचं बघा, कारण आपण ते फारसं बोलत नाही. 10 ऑक्टोबर 2025 ला युद्धबंदी झाली. ट्रक वाढले. त्याच यंत्रणेनं डिसेंबरमध्ये सांगितलं की परिस्थिती अजून वाईट असली, तरी दुष्काळ म्हणावा अशी स्थिती आता कुठल्या भागात उरलेली नाही. पाऊस पडला नव्हता, पीक आलं नव्हतं. रस्ता थोडा उघडला, एवढंच झालं होतं. जो रस्ता उघडल्यानं जातो तो दुष्काळ आभाळातून पडलेला नसतो. तो कुणीतरी घडवलेला असतो.

आपल्या मदरशात लहानपणी ऐकलेली हदीस आठवा. एका बाईनं मांजर कोंडलं. स्वतः खायला दिलं नाही आणि ते बाहेर जाऊन काही खाईल म्हणून सोडलंही नाही. मांजर मेलं आणि ती बाई जहन्नमची धनी झाली. वेढ्याची याहून सोपी व्याख्या मला कुठल्या कायद्याच्या पुस्तकात मिळाली नाही. एका मांजराचा हिशोब इतका कडक असेल, तर लाखो मुलं कोंडणाऱ्यांचा काय असेल?

पण त्या हदीसमध्ये बाई कोणत्या कबिल्याची होती यावर निकाल अवलंबून नाही, हेही लक्षात घ्या.

पेंड

ऑगस्टमध्ये खालांनी मला रस्त्यात थांबवलं. नातवानं मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. म्हणाल्या, "बेटा, वो सुदान में लोगां पेंड खारे बोलके दिखाये. पेंड? हम तो भैंसां को डालते."

खरं होतं. सुदानमधल्या अल-फाशर शहरात लोक 'अम्बाझ' खात होते. अम्बाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारा चोथा. आपल्याकडे घाण्यावर मिळते तीच शेंगपेंड. जनावरांचं खाद्य. शेवटी शेवटी तीही महाग झाली आणि मिळेनाशी झाली.

हे वाचताना सुदान हा जगातल्या मोठ्या भुईमूग पिकवणाऱ्या देशांपैकी एक आहे, हे ध्यानात ठेवा. कुपोषित मुलाचं औषध शेंगदाण्यापासून बनतं. सुदानमध्ये शेंगदाणाही होता आणि औषधाचा कारखानाही होता. खार्तूममधल्या एका कारखान्यात देशातल्या कुपोषित मुलांना लागणाऱ्या पुड्यांपैकी सुमारे 60 टक्के पुड्या बनत. 15 एप्रिल 2023 ला बुऱ्हान यांचं सैन्य आणि हमीदती यांचं 'आरएसएफ' हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. मे महिन्यात तो कारखाना जळून खाक झाला. साडेचौदा हजार मुलांना पुरतील एवढ्या तयार पेट्या त्यात होत्या. ज्या देशात शेंगदाण्याचं औषध बनत होतं, त्या देशात दोन वर्षांनी मुलांच्या ताटात पेंड आली.

अल-फाशरला आरएसएफनं मे 2024 पासून वेढा घातला होता. शहराभोवती मातीचा बांध उभारला. जवळच्या झमझम छावणीत 1 ऑगस्ट 2024 ला दुष्काळ जाहीर झाला होता. सैन्यही साव नाही. चाडमधून दारफुरमध्ये येणारा आद्रेचा रस्ता त्यांच्या सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केला. तो उघडायला ऑगस्ट उजाडला. 26 ऑक्टोबर 2025 ला अल-फाशर पडलं आणि पुढे जे झालं त्याचे व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढले. त्यातले कित्येक जण तकबीर देत होते.

आरएसएफला शस्त्रं कुठून येतात? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी अमिरातीकडे बोट दाखवलं आहे. अमिराती ते नाकारते. आपण मात्र नाकारतही नाही आणि विचारतही नाही. कारण आपल्या निम्म्या घरांतला कुणी ना कुणी दुबईत आहे, शारजात आहे. आपण एका बाजूच्या थंड पेयांवर बहिष्कार टाकतो, यादी पाठ करतो. दुसऱ्या बाजूचं नावही घेत नाही. मला दुबईतल्या मजुराला दोष द्यायचा नाही, तो पोटासाठी गेला आहे. पण इथे बसून आपण गप्प का आहोत?

सुदान हे एकच उदाहरण नाही. येमेनवर मार्च 2015 पासून सौदीच्या नेतृत्वाखाली बॉम्ब पडले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये बंदरं, विमानतळ बंद केले गेले. एप्रिल 2015 ते ऑक्टोबर 2018 या काळात पाच वर्षांखालची सुमारे 85 हजार मुलं उपासमारीनं मेली असावीत, असा 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेचा अंदाज आहे. दुसऱ्या बाजूच्या हूथींनी मदतीवर स्वतःचा ताबा मागितला. 2019 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला सनामधलं काही वाटप थांबवावं लागलं आणि जून 2024 मध्ये मदतसंस्थांच्या कित्येक माणसांना हूथींनी डांबून ठेवलं. सोमालियात 2011 मध्ये अल-शबाबनं मदतसंस्थांना हाकलून दिलं आणि दुष्काळ नाहीच, असं जाहीर केलं. पुढच्या अभ्यासातून आकडा आला: सुमारे 2 लाख 58 हजार मृत्यू, त्यातली 1 लाख 33 हजार पाच वर्षांखालची मुलं.

हे सगळं 'आपस का मामला' आहे. मूल कुणाच्या आपसातलं असतं?

पाणी कुणी अडवलं होतं?

मुस्लिमांनी मुस्लिमांवर बोलू नये, त्यानं उम्मतची बदनामी होते, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मी दरवर्षी मोहरममध्ये सरबत वाटतो. आपल्या जिल्ह्यात कडेगावचे गगनचुंबी ताबूत बघायला हिंदू-मुसलमान दोघेही जमतात. ते सरबत कशासाठी? करबलात हुसेन यांच्या तंबूंचं पाणी तोडलं गेलं होतं, त्या तहानलेल्या मुलांच्या आठवणीसाठी. फुरात नदीवर पहारा कुणी बसवला होता? ते रोमन नव्हते, यहुदी नव्हते. कलमा वाचणारे, नमाज पढणारे होते. त्यांचा सेनापती उमर इब्न साद एका थोर सहाबींचा मुलगा होता. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, हा आपसातला मामला आहे. तेराशे वर्षांहून अधिक काळ आपण त्या वाक्याच्या विरोधात उभे आहोत. सुदानचं नाव निघालं की आपण त्याच वाक्यामागे लपतो.

त्याआधीची गोष्ट आठवा. मक्केत कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला. खरेदी-विक्री बंद, लग्नसंबंध बंद. अबू तालिब यांच्या घळीत सुमारे तीन वर्षं माणसं झाडपाला खाऊन राहिली. भुकेल्या पोरांचं रडणं बाहेर ऐकू यायचं. तो बहिष्कार मोडला कुणी? कुरैशांपैकीच काही जण आपल्या लोकांविरुद्ध उभे राहिले. त्यांच्यातल्या मुत्इम इब्न अदींनी शेवटपर्यंत इस्लाम स्वीकारला नाही. तरी ते स्वतःच्या कबिल्याला म्हणाले की हे चुकीचं आहे. आपल्या कबिल्याला हे सांगण्याची हिंमत एका बिगरमुस्लिमानं आपल्या रसूलांच्या खानदानासाठी दाखवली. त्याचं ऋण आपण कसं फेडतो आहोत?

दुसरा टोमणा

बाहेरचा टोमणाही तुम्ही ऐकला असेल. कॉलेजात, कंपनीत, गल्लीतल्या ग्रुपवर. "गाझा-गाझा करता, मेळघाटच्या पोरांचं काय?" बहुतेक वेळा विचारणाऱ्यानं मेळघाटसाठी एक रुपया दिलेला नसतो. त्याला मेळघाट नको असतं, आपलं तोंड बंद हवं असतं. म्हणून आपण चिडतो आणि प्रश्नच फेकून देतो.

मी म्हणतो, प्रश्न ठेवून घ्या. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली हे आपलंच राज्य आहे. त्यात गडचिरोली तर आपल्या राज्यातला संघर्षाचा जिल्हा. एका बाजूला नक्षलवादी, दुसऱ्या बाजूला पोलीस आणि मध्ये भामरागड-एटापल्लीतलं आदिवासी मूल. त्याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. दवाखाना दूर असला, तरी गावातली शिकवलेली बाई मूल वाचवू शकते, हे जगाला दाखवून देण्यात आपल्या मराठी मुलखाचा वाटा आहे. फीत आणि पुडीच्या उपचारामागचा विश्वासही हाच आहे. गाझावर बोलणाऱ्या मुलाला हे माहीत असेल, तर टोमणा मारणारा दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाही.

वळिवड्याचे पाहुणे

आपण ईदची, लग्नाची खरेदी कुठे करतो? कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी उभी केलेली ती पेठ. ते यायच्या आधी तिथे, वळिवड्याला, दुसरी एक छावणी होती. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं.

दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललं. 1942 मध्ये त्यातले काही सुटले आणि कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या अंझली बंदरात उतरले. हाडांचे सापळे झालेली मुलं. अनेक जण किनाऱ्यावर पोचल्यावर मेले, कारण महिनोन्‌महिने उपाशी पोटांना अचानक तेलकट, जड अन्न मिळालं. तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीला थोडं-थोडं, हलकं, मोजून द्यायचं असतं. आज ते आपल्याला पक्कं माहीत आहे, तेव्हा नव्हतं. इराण स्वतः परकीय फौजांच्या ताब्यात होता, तिथेही भाकरीची टंचाई होती. तरी इस्फहान शहरानं इतकी अनाथ मुलं सांभाळली की त्याला पोलिश मुलांचं शहर म्हणू लागले. तिथून पुढे काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला गेली आणि हजारो जण आपल्या पंचगंगेच्या काठी आले. इराणी मुसलमानांनी आणि कोल्हापूरकर मराठी माणसांनी त्यांची जात विचारली नाही.

पण हीच गोष्ट इथे थांबवली तर मी तुम्हाला फसवलं असं होईल. त्याच 1943 मध्ये, त्याच इंग्रजांच्या राज्यात, बंगालमध्ये सुमारे 30 लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली. जपानी येतील म्हणून सरकारनं किनाऱ्यावरचा तांदूळ उचलला होता, गरिबांच्या हजारो होड्या जप्त केल्या होत्या किंवा मोडल्या होत्या. नदीनाल्यांच्या त्या मुलखात होडी म्हणजेच रस्ता. ज्या सरकारला वळिवड्याला धान्य, डॉक्टर, शाळा पोचवता आली, त्याला बंगालमध्ये ते जमलं नाही, कारण ती मुलं त्याच्या लेखी आपली नव्हती. मेलेल्यांत मुसलमान शेतमजूर, हिंदू कोळी, सगळे होते.

आपलं मूल आणि परकं मूल अशी वाटणी केली की काय होतं, ते इथून दिसतं. इंग्रजांनी ती वाटणी केली. मी खालांच्या दारात केली. प्रमाण वेगळं, मन तेच.

दिल्लीही काही वेगळं करत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सात जाऊन कोल्हापूरच्या नावानं उभ्या असलेल्या स्मारकाला फुलं वाहिली. दहा महिन्यांनी, 12 जून 2025 ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातल्या युद्धबंदीचा आणि उपासमारीला हत्यार बनवण्याच्या निषेधाचा ठराव आला. 149 देशांनी बाजूनं मत दिलं. भारत तटस्थ राहिला. वळिवड्याचं पुण्य मिरवायचं आणि आजच्या भुकेल्या मुलांच्या वेळी हात वर करायचा नाही, हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसानं का ऐकून घ्यावं?

मग करायचं काय?

पहिलं, डबा बंद करायचा नाही. पण डब्यावर फक्त गाझा लिहायचं नाही. सुदान आणि येमेनही लिहायचं. जमलेला पैसा कुणाच्या तरी हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. गेल्या खेपेला आमचं तसंच झालं. पैसे पुढे दिले आणि पावती मागायचीच राहिली. चूक आमची होती. ज्या खालांनी पदराची गाठ सोडली त्यांना हिशोब देणं हा अमानतीचा भाग आहे. पैसे नोंदणीकृत संस्थेला, बँकेतून, कायद्यात बसतील असेच द्यायचे आणि पावती मशिदीच्या फलकावर लावायची.

दुसरं, पैसा संपतो तिथून आवाजाचं काम सुरू होतं. 24 मे 2018 ला सुरक्षा परिषदेनं 2417 क्रमांकाचा ठराव एकमतानं मंजूर केला. नागरिकांना उपाशी ठेवणं आणि मदत अडवणं याचा त्यात निषेध आहे. तो इस्रायललाही लागू आहे, आरएसएफलाही आणि सुदानी सैन्यालाही. आपल्या खासदारांना पत्र लिहा आणि विचारा की 12 जूनला आपण तटस्थ का राहिलो. त्याच पत्रात विचारा की ज्या अमिरातीशी आपण इतके करार करतो, तिच्याशी सुदानबद्दल बोललो का. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांना विनंती करा की दुआमध्ये फलस्तीनबरोबर अल-फाशरचंही नाव घ्यावं. पहिल्या जुम्याला थोडी कुजबुज होईल. होऊ द्या.

सुदानमधल्या आपल्या वयाच्या मुलामुलींकडून शिकण्यासारखं आहे. सरकार नाही, मदतसंस्था पोचत नाहीत, अशा गल्ल्यांमध्ये त्यांनी 'आपत्कालीन कक्ष' उभे केले आणि सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. त्या स्वयंपाकघरांना ते 'तकिया' म्हणतात. आपल्याकडच्या फकिरांच्या तक्याचाच शब्द. त्यातले कित्येक मारले गेले, दोन्ही बाजूंनी पकडले गेले. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत थांबवली तेव्हा अनेक तकिये विझले. जमेल तिथे त्यांनी पुन्हा पेटवले. 2025 चा 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार त्यांना मिळाला. ते कोणत्या टोळीचं मूल आहे हे विचारून वाढत नाहीत.

तिसरं, फीत हातात घ्या. गळीत हंगामात आपल्या आष्ट्याच्या शिवारात बीडकडून ऊसतोड मजूर येतात. कोपीबाहेर धुळीत बसलेली त्यांची पोरं आपण रोज गाडीवरून जाताना बघतो. आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीताईंना भेटा. त्यांच्यासोबत एक दिवस कोप्यांवर जा, त्या दंड मोजतील, तुम्ही नोंद धरा. लाल निघालेलं मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत पाठ सोडू नका. गाडी लागली तर तुमची काढा. यानं गाझा सुटणार नाही. पण 11.5 सेंटिमीटर म्हणजे किती, हे तुमच्या बोटांना कळेल. दोन बोटांत मावेल असा दंड एकदा धरला की मग 'आपस का मामला' हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

कुरआनात नेक माणसांची एक खूण सांगितली आहे. स्वतःला हवं असलेलं अन्न ते गरिबाला, यतीमाला आणि कैद्याला देतात. त्या काळी कैदी म्हणजे बहुधा लढाईत पकडलेला शत्रू. शत्रूच्या पोटाचीही जबाबदारी ज्या दीननं आपल्यावर टाकली, त्या दीनच्या नावानं कुणी मुलांचा रस्ता अडवत असेल, तर त्याच्याविरुद्ध सगळ्यात आधी आपण बोललं पाहिजे. इतरांनी बोलण्याआधी, आणि इतरांपेक्षा मोठ्यानं.

खाला पुढच्या रमजानलाही तोच प्रश्न विचारणार आहेत. तुमच्या गावातही कुणीतरी विचारेल. डबा उचलण्याआधी उत्तर ठरवून ठेवा.